तुम्ही विचारलंत म्हणून: ऑनर्सचं चौथं वर्ष करावं का?

"मॅडम, तीन वर्षांत डिग्री हातात येतेय. मग ऑनर्सचं चौथं वर्ष कशाला?"

दक्षिण महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी मी कॉलेजात इतिहास शिकवते. सध्या हा प्रश्न मला वर्गात, एसटी स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत, कुठेही गाठून विचारतात. मुलं विचारतात, त्यांच्याहून जास्त त्यांचे आईवडील विचारतात. उभ्या उभ्या उत्तर देताना महत्त्वाचं तेच राहून जातं, म्हणून एकदा सविस्तर लिहिते आहे.

माझं उत्तर असं: घरची परिस्थिती अगदीच अडवत नसेल तर करा. आणि आपल्या विषयात जीव रमत असेल तर थोडी ओढाताण सोसूनही करा.

आधी नियम सांगते, कारण निम्मे गैरसमज तिथेच आहेत. नवं शैक्षणिक धोरण आपल्याकडे स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झालं. तीन वर्षं करून बाहेर पडलात तर नेहमीची पदवी, तिला किमान १२० क्रेडिट (अभ्यासाच्या तासांवरून मोजलेली एककं) लागतात. चौथं वर्ष केलंत तर ऑनर्स, किमान १६० क्रेडिट. या चौथ्या वर्षाला दोन वाटा आहेत. एका वाटेवर मुख्य विषयाचे वरच्या पातळीचे पेपर असतात. दुसऱ्या वाटेचं नाव 'ऑनर्स विथ रिसर्च'; तिथे काही पेपरांच्या जागी १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प असतो आणि तो एखाद्या प्राध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली करायचा असतो. पहिल्या सहा सेमिस्टरना मिळून ७५ टक्क्यांची अट आहे ती या दुसऱ्या वाटेला. नुसत्या ऑनर्सला ती नाही. ७५ चा आकडा कानावर पडला की बरीच मुलं ऑनर्सचं नावच टाकून देतात. तसं करू नका.

"वर्ष वाया जाईल" ही दुसरी भीती. पुढे एम.ए. किंवा एम.एस्सी. करायचं असेल तर ती बिनबुडाची आहे. तीन वर्षांच्या पदवीनंतर पदव्युत्तर शिक्षण दोन वर्षांचं, ऑनर्सनंतर ते एका वर्षाचं. दोन्हीकडून बेरीज पाचच येते. शिवाय यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या नियमांप्रमाणे चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर पीएच.डी.च्या प्रवेशासाठी अर्ज करता येतो, आणि राखीव प्रवर्गांना त्यात ५ टक्क्यांची सवलत आहे. जून २०२४ पासून अशा विद्यार्थ्यांना नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेलाही बसता येतं. अमेरिकेतली अनेक विद्यापीठं पदव्युत्तर प्रवेशासाठी सोळा वर्षांचं शिक्षण मागतात. बारावी अधिक चार, म्हणजे तेही जुळतं.

हे फायदे खरे आहेत आणि ते सांगायलाच हवेत. माझा आग्रह मात्र वेगळ्याच गोष्टीसाठी आहे.

आपल्याकडचा विद्यार्थी पहिलीपासून पदवीपर्यंत ज्या प्रश्नांची उत्तरं लिहितो, ती उत्तरं कुणीतरी आधीच लिहून ठेवलेली असतात. गाईडमध्ये, नोट्समध्ये, मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिकांच्या संचात. त्यात मुलांचा दोष नाही, आम्हीच त्यांना तसं घडवलं. पण पंधरा वर्षं शिकूनही ज्या प्रश्नाचं उत्तर कुणालाच ठाऊक नाही अशा एका प्रश्नाशी गाठ पडत नसेल, तर ते शिक्षण अपुरं राहिलं असं मला मनापासून वाटतं.

उदाहरण देते. नव्या अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षाला दोन क्रेडिटचा क्षेत्रीय प्रकल्प असतो. आमच्याकडच्या एका मुलीनं त्यासाठी घरच्या माळ्यावरची कापडात बांधलेली खतावणी आणली. पणजोबांचं गावात किराणा दुकान होतं, त्याचा उधारीचा हिशेब. सगळं मोडी लिपीत. तिला मोडीचा म सुद्धा येत नव्हता. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, तसा एक वर्ग तिनं सुट्टीत केला आणि मग रोज थोडं थोडं वाचायला बसली. पहिले काही दिवस नुसते आकडे लागायचे. मग गूळ लागला, गोडं तेल लागलं, दिव्याची वात लागली. मग माणसांची नावं लागली, आणि नावं लागली तशी ती खुलली. कारण त्यातली आडनावं अजून तिच्याच आळीत राहतात.

एक दिवस ती विचारायला आली, "मॅडम, यात काही खाती बायकांच्या नावावर आहेत. त्या काळी बाईला स्वतःच्या नावावर उधार मिळायचं?"

मी तिला म्हटलं, मला माहीत नाही. आणि हे म्हणताना मला फार आनंद झाला.

कारण आता काम सुरू होत होतं. त्या बायका विधवा होत्या का? जमीन त्यांच्या नावावर होती का? असेल तर जुन्या फेरफारात नोंद सापडायला हवी. उधारी त्या कशानं फेडत, धान्यानं, मजुरीनं की रोख? दुकानदारानं नवऱ्याचं नाव न लिहिता बाईचं लिहिलं ते का? गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या आजींना यातली एखादी बाई आठवते का? शेजारच्या गावातल्या दुकानाची वही मिळाली तर तिथेही असंच दिसतं का? प्रत्येक प्रश्नामागे एक फेरी, एक कचेरी, एक संध्याकाळ कुणाच्या तरी ओट्यावर. दोन क्रेडिटच्या प्रकल्पात हे बसत नाही. तिनं वीस पानांचा अहवाल दिला, चांगला दिला, आणि सेमिस्टर संपलं. प्रश्न तसाच राहिला. चौथ्या वर्षाचे ते १२ क्रेडिट असल्या प्रश्नासाठी असतात.

अशा कामात विद्यार्थ्याचं काय होतं ते मी एम.ए.च्या प्रबंधांच्या वेळी वर्षानुवर्षं पाहिलं आहे. जुन्या कागदावर 'सलास सबैन मया अलफ' असं लिहिलेलं असतं. हे अरबी आकडे: तीन, सत्तर, शंभर, हजार, मिळून ११७३. हा सुहूर सन, मराठेशाहीच्या कागदांतली कालगणना. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन १७७२-७३ येतो, म्हणजे माधवराव पेशवे गेले ते वर्ष. हा हिशेब मी फळ्यावर करून दाखवला तर मुलं वहीत उतरवून घेतात आणि विसरतात. तोच हिशेब स्वतःच्या हातातल्या कागदाची तारीख लावण्यासाठी केला की तो जन्मभर राहतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मुलं सावध होतात. एखादं वाक्य वाचलं की 'हे कशावरून?' असं विचारू लागतात. आज मोबाइलवर इतिहासाच्या नावानं जे काही फिरतं, ते पाहता ही सवय मला कुठल्याही नोकरीइतकीच गरजेची वाटते.

आणि हे केवळ इतिहासाचं नाही. वनस्पतीशास्त्राची मुलं एका ओढ्याकाठच्या झाडोऱ्याची ऋतुवार नोंद ठेवू शकतात. अर्थशास्त्राची मुलं आपल्याच गावच्या दूध संकलन केंद्रावर बसून गाईच्या दुधाचा पैसा घरात कुणाच्या हाती जातो ते शोधू शकतात. मराठीची मुलं आजीच्या बोलीतले शब्द गोळा करू शकतात. आमच्यासारख्या तालुक्याच्या कॉलेजांकडे मोठ्या प्रयोगशाळा नाहीत, पण ज्यांवर अजून कुणी काम केलेलं नाही असे विषय उंबऱ्याबाहेर पडलेले आहेत.

अभियांत्रिकीच्या मुलांचे पालकही विचारतात, तर तेवढं सांगून पुढे जाते. तिथलं ऑनर्स वेगळं. तिथे वर्ष वाढत नाही. त्याच चार वर्षांत १८ ते २० क्रेडिट जादा करायचे असतात. आपल्याच शाखेत खोल जायचं तर ऑनर्स, दुसऱ्या शाखेतलं शिकायचं तर मायनर. नियमित विषय व्यवस्थित सुटत असतील तरच घ्यावं.

आता कुणी करू नये तेही सांगते. एमपीएससी किंवा यूपीएससी हेच ठरलेलं असेल तर तिथे कुठलीही पदवी चालते, तीन वर्षांचीही. घरात कमावणारं दुसरं कुणी नसेल आणि नोकरी समोर असेल तर नोकरी घ्या. शिकणं नंतरही सुरू करता येतं आणि मिळवलेले क्रेडिट तुमच्या एबीसी (अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) या ऑनलाइन खात्यावर नोंदलेले असतात. तुमच्या कॉलेजात त्या विषयाला मार्गदर्शक म्हणून मान्यता असलेले पूर्णवेळ प्राध्यापक नसतील तर संशोधनाची वाट तिथे धरू नका, दुसरं कॉलेज पाहा. प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या ठेवून चांगलं ऑनर्स चालणार नाही, हे सरकारला आणि संस्थाचालकांना आम्ही शिक्षकांनी पुन्हा पुन्हा सांगितलं पाहिजे.

पण या कारणांनी नाही म्हणणारी मुलं थोडी. जास्त मुलं वेगळ्याच कारणानं मागे सरतात. "आमच्यासारख्यांसाठी नाही ते, मॅडम." हे वाक्य ऐकलं की मला बेचैन व्हायला होतं. ज्यांच्या घरात कॉलेजात आलेलं हे पहिलंच माणूस, ज्यांना इंग्रजीची धास्ती, ज्या मुलींच्या घरी तिसरं वर्ष संपायच्या आत स्थळं बघायला सुरुवात होते, त्यांना कुणीतरी नाव घेऊन 'तू कर' असं म्हणावं लागतं. नोटीस बोर्डावर कागद लावून ही मुलं येत नाहीत. म्हणून माझी माझ्या सहकाऱ्यांनाही विनंती आहे: वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या दोघांनाच विचारू नका. जो मुलगा तास संपल्यावर मागे रेंगाळून एखादी शंका विचारतो, त्याला ६८ टक्के असले तरी विचारा.

आणि पालकांनो, मुलीच्या बाबतीत एवढंच म्हणते, एक वर्ष थांबा. ती खतावणीवाली मुलगी आता तिसऱ्या वर्षाला आहे. वडील अजून ठरवत आहेत. मी दोनदा घरी जाऊन आले आहे, पुन्हा जाणार आहे.

तुम्ही स्वतः विद्यार्थी असाल तर सहावं सेमिस्टर संपेपर्यंत थांबू नका, ७५ टक्के पहिल्या सेमिस्टरपासून मोजले जातात. दुसऱ्या वर्षातच विभागप्रमुखांना भेटा. चौथं वर्ष आपल्याकडे सुरू होणार का, दोन्ही वाटा मिळणार का, मार्गदर्शक कोण असतील, फी किती आणि शिष्यवृत्ती चालू राहते का, हे विचारा. जाताना ज्याचं उत्तर पुस्तकात सापडलं नाही असा एखादा प्रश्न कागदावर लिहून न्या. प्रश्न कच्चा असला तरी चालेल, तो नीट करायला आम्ही आहोत.