नळीवाटे आलेला न्यूमोनिया

रुग्णालयात आला तेव्हा त्या मुलाच्या फुफ्फुसांना काहीही झालेले नव्हते, हे मला आधी नोंदवून ठेवायचे आहे. उमरेडच्या पुढच्या एका गावात, ऐन पावसाळ्यात, जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या या सात वर्षांच्या मुलाला रात्री मण्यार चावली. मण्यारीचा दंश बहुधा दुखत नाही आणि त्याची खूणही नीट दिसत नाही. पहाटे त्याचे पोट दुखू लागले, मग पापण्या मिटू लागल्या, आणि नागपूरला पोहोचेपर्यंत त्याला स्वतःची थुंकीही गिळता येईनाशी झाली होती. प्रतिविष दिले गेले. परंतु मण्यारीचे विष नसांच्या टोकांनाच इजा करते आणि ती इजा भरून यायला दिवस लागतात, त्यामुळे तेवढे दिवस श्वासाचे काम यंत्राकडे सोपवणे भाग होते. घशातून श्वासनलिकेत नळी घातली आणि मूल व्हेंटिलेटरवर गेले. पाचव्या दिवशी सकाळी त्याला ताप भरला, सक्शनमध्ये, म्हणजे नळीतून कफ ओढून काढताना, पिवळा, दाट कफ येऊ लागला आणि ऑक्सिजन वाढवावा लागला. दुपारच्या एक्स-रेमध्ये उजव्या फुफ्फुसाचा खालचा भाग पांढरा दिसला.

लहान मुलांच्या अतिदक्षता विभागात मी सोळा वर्षे परिचारिका म्हणून काम करते आहे. ज्या रुग्णालयातील ही हकिकत आहे त्याचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण हे दुखणे कोणत्याही एका रुग्णालयाचे नाही.

व्हेंटिलेटर सुरू होऊन 48 तास उलटल्यानंतर होणाऱ्या न्यूमोनियाला आम्ही ‘व्हीएपी’ (व्हेंटिलेटर-असोसिएटेड न्यूमोनिया) म्हणतो. निरोगी मुलाला खोकला असतो, गिळताना श्वासनलिकेवर झाकण पडते आणि आतले सूक्ष्म केस कफ वर ढकलत राहतात. नळी ही सगळी राखण एकाच वेळी मोडते. तोंडातील लाळ नळीभोवतीची फट बुजवणाऱ्या छोट्या फुग्यावर साचते आणि फुग्याच्या कडेने थेंबाथेंबाने खाली झिरपते. त्याशिवाय नळीच्या आतल्या बाजूला जंतू आपला बुळबुळीत थर धरतात. काढलेली नळी उजेडात धरून मी अनेकदा पाहिली आहे. पाण्याच्या जुन्या पाइपात शेवाळ धरावे तसा पिवळट, चिकट लेप तिच्या टोकाकडे असतो. त्या लेपाच्या आत बसलेल्या जंतूंपर्यंत औषध नीट पोहोचत नाही, आणि सक्शनची बारीक नळी आत-बाहेर करताना त्या लेपाचे कण सुटून खाली फुफ्फुसात जाण्याची भीती असते.

कल्चरचा, म्हणजे कफातील जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीचा, रिपोर्ट तिसऱ्या दिवशी आला. जंतू होता ॲसिनेटोबॅक्टर. रिपोर्टवर डावीकडे औषधांची नावे एकाखाली एक असतात आणि उजवीकडे प्रत्येकासमोर एक अक्षर असते. ‘एस’ म्हणजे औषध लागू पडेल, ‘आर’ म्हणजे पडणार नाही. मेरोपेनेम, पिपरॅसिलिन, अमिकासिन, सिप्रोफ्लोक्सासिन, सगळ्यांसमोर ‘आर’. फक्त तळाशी कोलिस्टिनसमोर ‘आय’ होते, म्हणजे मधले. ज्या अमेरिकी मानकांनुसार अनेक प्रयोगशाळा ही अक्षरे लिहितात, त्यांनी 2020 पासून या जंतूंच्या बाबतीत कोलिस्टिनसाठी ‘एस’ हा वर्गच ठेवलेला नाही, कारण या औषधावर तेवढा भरवसा ठेवता येत नाही. 1950 च्या दशकात वापरात आलेले हे औषध मूत्रपिंडांना अपाय करते म्हणून पुढे जवळजवळ अडगळीत गेले होते. आज तेच आमच्या हाती उरलेल्या मोजक्या औषधांपैकी एक आहे. त्या मुलाला ते सुरू केल्यावर आम्ही दर तासाला लघवी मोजत होतो आणि मूत्रपिंडांचे काम मंदावल्याची खूण असलेले क्रिएटिनिन वाढले की काय, या धास्तीने रोजच्या रक्ततपासणीची वाट पाहत होतो.

हा जंतू गावाहून आलेला नव्हता. त्याच आठवड्यात दोन खाटा सोडून असलेल्या, मेंदूज्वराने बेशुद्ध झालेल्या एका मुलीच्या कफात अगदी याच नमुन्याचा ॲसिनेटोबॅक्टर सापडला होता. हा जंतू कोरड्या पृष्ठभागावर, खाटेच्या कठड्यावर, मॉनिटरच्या बटणांवर, स्टेथोस्कोपवर कित्येक दिवस जिवंत राहतो. त्याच आठवड्यातल्या एका रात्रीच्या पाळीत व्हेंटिलेटरवरच्या चार मुलांमागे मी एकटी होते. एका व्हेंटिलेटरचा अलार्म वाजला म्हणून हातमोजे न बदलता मी दुसऱ्या खाटेकडे धावले होते, हे मला आठवते. जंतू नेमका माझ्याच हातून गेला असे कोणी सिद्ध करू शकत नाही, पण गेला नाही असेही मी म्हणू शकत नाही. 1847 मध्ये व्हिएन्नात डॉ. सेमेलवाइस यांनी प्रसूतीपूर्वी हात धुण्याची सक्ती करून मातांचे मृत्यू झपाट्याने कमी करून दाखवले होते. हातावर सॅनिटायझर नीट चोळायला 20 ते 30 सेकंद लागतात. हे मला माहीत नव्हते असे नाही. त्या रात्री तेवढे सेकंद माझ्याजवळ नव्हते. म्हणून परिचारिकांच्या संख्येचा प्रश्न मी सोयीचा प्रश्न मानत नाही. चार मुलांमागे एक सिस्टर ठेवणे आणि मग हात धुण्याचे फलक भिंतीवर लावणे, हे एकमेकांशी जुळत नाही.

पण जंतूला इतकी औषधे पचवायला शिकवले कोणी? नागपुरात विदर्भातून आणि शेजारच्या छिंदवाडा, बालाघाटकडूनही मुले येतात. पुष्कळदा गावच्या डॉक्टरने एक प्रतिजैविक दिलेले असते, तालुक्याला दुसरे सुरू झालेले असते आणि इथे पहिल्याच रात्री तिसरे, सर्वांत जोरकस, चढवले जाते. प्रत्येकाचा हेतू मूल वाचवण्याचाच असतो. तरीही प्रत्येक बाटलीमागे मुलाच्या पोटातील साधे जंतू मरतात आणि हट्टी तेवढे उरतात. मेडिकल स्टोअरमधून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय अशी औषधे मिळू नयेत म्हणून 2014 पासून ‘एच-वन’ यादीचा नियम लागू आहे. कोंबड्यांच्या खाद्यात कोलिस्टिन घालण्यावर 2019 मध्ये केंद्र सरकारने बंदी घातली. नियम चांगले आहेत. पाळले जातात का, हे आपल्या नाक्यावरच्या दुकानात उभे राहून प्रत्येकाने पाहावे.

आमच्या विभागातही एक चूक वारंवार होते, आणि ती डॉक्टरांच्या काळजीतूनच होते. नळीतून काढलेल्या कफात जंतू उगवला म्हणजे न्यूमोनिया झालाच, असे नसते. चार दिवस राहिलेल्या नळीत जंतू वस्ती करतातच. मुलाला ताप नाही, ऑक्सिजन वाढवावा लागलेला नाही, एक्स-रे स्वच्छ आहे, आणि तरी केवळ रिपोर्ट आला म्हणून कोलिस्टिन सुरू करायचे, यात त्या मुलाच्या मूत्रपिंडांचे नुकसान आहे आणि पुढच्या मुलाचेही. आमच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या मॅडम अशा वेळी फोन करून आधी “मूल कसं आहे?” एवढेच विचारतात, आणि मला ते फार योग्य वाटते.

बाकीची कामे साधी आहेत आणि बहुतेक आमच्या हातची आहेत. खाटेची डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश उचललेली ठेवणे, तोंडाची स्वच्छता, फुग्यातील दाब मोजणे, व्हेंटिलेटरच्या नळ्यांत साचलेले पाणी मुलाकडे न जाऊ देता काढणे. या सर्वांहून महत्त्वाचा आहे सकाळच्या राउंडमधला एक प्रश्न, ‘आज नळी काढता येईल का?’ तो विचारायला सिस्टरने डॉक्टरांची वाट पाहू नये, आणि आईवडिलांनीही संकोच करू नये.

त्या मुलाची नळी तेराव्या दिवशी निघाली. तोवर बोटांनी तो माझा हात घट्ट दाबू लागला होता. आवाज बसलेला होता. पहिल्यांदा त्याने पाणी मागितले, आणि गिळण्याची खात्री होईपर्यंत मला ते नाकारावे लागले. घरी जाताना त्याच्या कार्डावर मी लाल पेनने लिहिले की या मुलाला औषधांना न जुमानणाऱ्या जंतूचा संसर्ग झाला होता, पुन्हा कुठेही भरती केल्यास हे प्रथम सांगावे. कारण असा जंतू बरे झाल्यावरही शरीरात काही महिने राहू शकतो. वडिलांनी कार्ड दोनदा वाचले आणि विचारले, “मंग घरच्यायले लागन काय हे, सिस्टर?” मी सांगितले की धडधाकट माणसाला सहसा याचा त्रास होत नाही, शौचानंतर आणि जेवणापूर्वी सगळ्यांनी साबणाने हात धुवा, आणि पोराला खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपवा. त्यांनी कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवले.