‘यात काही चुकलंय का?’

मागच्या महिन्यात शेजारच्या बाई पाच पानांचं पत्र घेऊन दारात उभ्या राहिल्या. वय ब्याऐंशी, सांधेदुखीनं बोटं पार वाकलेली, पाकीटसुद्धा मीच फोडून दिलं होतं. पत्र ऑम्बुड्समनच्या, म्हणजे इंग्लंडमध्ये कौन्सिलविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याच्या कार्यालयाकडून आलेलं. कौन्सिल म्हणजे इथली पालिका. तो निर्णय नव्हता, निर्णयाचा मसुदा होता. सोबतच्या पत्रात म्हटलं होतं की हा मसुदा तुम्हाला आणि कौन्सिलला, दोघांनाही पाठवत आहोत. यात काही चुकलं असेल किंवा राहून गेलं असेल, तर अंतिम निर्णयाआधी अमुक तारखेपर्यंत कळवा.

मी तिथंच, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून राहिले. मला बाबा आठवले.

आधी प्रकरण सांगते. इंग्लंडमध्ये कचऱ्याचे चाकांचे मोठे डबे ठरलेल्या दिवशी आपणच रस्त्याच्या कडेला लावायचे असतात. ज्यांना ते ओढणं जमत नाही, त्यांच्यासाठी कौन्सिलकडे वेगळी सोय असते. माणसं आत येऊन डबा नेतात आणि रिकामा करून जागेवर आणून ठेवतात. बाईंची नोंद या सोयीत रीतसर झालेली होती, तरी डबा तसाच राहायचा. फोन केला की उत्तर मिळायचं, ‘डबा बाहेर ठेवलेला नव्हता, अशी गाडीवरची नोंद आहे.’ अहो, बाहेर ठेवता येत नाही म्हणूनच तर ही सोय! एका मंगळवारी बाई स्वतः डबा ओढायला गेल्या आणि फाटकाशी पडल्या. हाड मोडलं नाही, पण गुडघ्यापासून घोट्यापर्यंत काळंनिळं झालं. त्या दिवशी मी वही काढली.

ही वही बाबांची शिकवण. तारीख, वेळ, कोण बोललं, काय म्हणालं, तक्रार क्रमांक. आमच्या घरी आवक शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय एकही अर्ज कचेरीत दिला गेला नाही. बाबांची ती फाईल आता दोन बोटं जाड झाली आहे.

ऑम्बुड्समनकडे थेट जाता येत नाही. आधी कौन्सिलकडेच तक्रार करायची, तिच्या सगळ्या पायऱ्या चढायच्या आणि तरी समाधान झालं नाही तरच यांचं दार. गोष्ट कळल्यापासून साधारण बारा महिन्यांच्या आत यायला हवं. पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. बाईंच्या संमतीनं त्यांच्या वतीनं मी लिहिलं. फॉर्ममध्ये हे सगळं कसं दुरुस्त व्हावं असं वाटतं, तेही विचारलेलं होतं. बाई म्हणाल्या, ‘लिही, मंगळवारी डबा न्या.’

मग तपास करणाऱ्या बाईंचा फोन आला. त्यांनी कौन्सिलकडून गाडीवरच्या नोंदी आणि आमच्या फोनच्या नोंदी मागवून घेतल्या. कौन्सिलचा निर्णय आवडला नाही, एवढ्यावर हे कार्यालय काही करत नाही. कामाच्या पद्धतीत चूक झाली का आणि त्या चुकीमुळे माणसाला त्रास झाला का, हेच ते तपासतात. शेजाऱ्याच्या वाढीव बांधकामाला परवानगी का दिली म्हणून कुणी गेलं आणि परवानगीची पद्धत नियमाप्रमाणे झालेली असली, तर रिकाम्या हातानं परत यावं लागतं. कितीतरी तक्रारी सविस्तर तपासापर्यंत पोहोचतच नाहीत. हेही सांगायला हवं, कारण इथलं सगळं सोन्याचं आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. आमचं प्रकरणही कित्येक महिने चाललं.

पण तो मसुदा! त्यात लिहिलं होतं की डबा पाच वेळा राहिला. वहीत सात तारखा होत्या. मी दोन पानांचे फोटो पाठवले. गेल्या आठवड्यात अंतिम निर्णय आला, त्यात सात आहे. पाचाचे सात झाले म्हणून काही बदललं नाही, भरपाईची रक्कम तेवढीच, दीडशे पौंड, सोबत माफीचं पत्र आणि तीन महिने दर आठवड्याला देखरेख. पण बाईंनी त्या ‘सात’वर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

काही आठवड्यांनी हा निर्णय ऑम्बुड्समनच्या वेबसाइटवर येईल. कौन्सिलचं नाव उघड असेल आणि बाईंच्या जागी ‘मिसेस एक्स’.

माझी ऑफिसातली मैत्रीण हे ऐकून सहज म्हणाली, ‘तुमच्याकडे असलं काही नसेल ना?’ मला राग आला. मी तिला सांगितलं, तुमच्या या स्थानिक ऑम्बुड्समनचा कायदा 1974 चा, आमच्या महाराष्ट्राचा लोकायुक्त कायदा 1971 चा आणि 1972 पासून लोकायुक्त कामाला लागलेले. तुमच्याकडे 1988 पर्यंत तक्रार नगरसेवकामार्फत न्यावी लागायची. माहितीच्या अधिकाराचा कायदाही महाराष्ट्रानं केंद्राच्या आधी केला. ती गप्प झाली. मला बरं वाटलं, अजूनही वाटतं.

पण घरी आल्यावर बाबांना चार वर्षांपूर्वी आलेलं उत्तर आठवलं. दर पावसाळ्यात घरासमोरचं गटार तुंबून पाणी उंबऱ्याला लागतं, ती तक्रार. ‘सदर ठिकाणी पाहणी केली असता तक्रारीत तथ्य आढळून आले नाही, सबब आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे.’ पाहणी मार्चमध्ये झाली होती, कोरड्या गटाराची. हा मजकूर सहीआधी बाबांना एकदा दाखवला असता, तर त्यांनी एकच ओळ लिहिली असती, ‘जुलैत या.’ इतकंच हवं होतं. कायदे आपल्याकडे आहेत, पण लिहिण्याआधी अर्जदाराला कुणी विचारत नाही.

ऑम्बुड्समनची शिफारसही कौन्सिलवर बंधनकारक नसते. तरी कौन्सिलं ती जवळजवळ नेहमीच मानतात. गंभीर प्रकरणात जाहीर अहवाल निघाला, तर कौन्सिलला वर्तमानपत्रात सूचना द्यावी लागते आणि अहवाल तीन आठवडे लोकांना पाहायला ठेवावा लागतो. नाव खराब होण्याची भीती इथं खरी आहे.

दादा फोनवर म्हणाला, ‘शेजारणीसाठी इतकं केलंस, बाबांसाठी?’ लागलं मला. दहावीपासून बाबांचे सगळे अर्ज माझ्याच अक्षरात गेले आहेत, हे तो विसरतो. इथून कचेरीत उभं राहता येत नाही. पण कागद लावता येतात. बाबांच्या फाईलचे फोटो मागवले, तारखा क्रमानं लावल्या, प्रत्येक पावसाळ्यापुढे पाण्याचा फोटो जोडला. चार पानं झाली. पाठवण्याआधी बाबांना फोनवर वाचून दाखवली आणि विचारलं, ‘यात काही चुकलंय का?’

बाबा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘2019 ला पाणी दोनदा आलं होतं. एकदाच लिहिलंयस.’

ते दुरुस्त केलं. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन आहे, लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकण्याचा. अर्ज गेला आहे. वहिनी सोबत जाणार आहेत.