तुम्ही विचारलंत म्हणून: अंगणात वाढलेला मोठा कुत्रा फ्लॅटमध्ये रमेल का?

प्रश्न बहुतेक वेळा असाच येतो. नागपुरात महाल भागातला वाडा किंवा लक्ष्मीनगरातलं जुनं घर पाडायला दिलंय, दोन-तीन वर्षं मनीष नगरला नाहीतर बेसा रोडला टू-बीएचकेमध्ये काढायची आहेत, आणि घरात पस्तीस किलोचा जर्मन शेफर्ड किंवा लॅब्राडोर आहे, जो पिल्लू असल्यापासून अंगणात वाढला. त्याला कोंडल्यासारखं नाही का होणार?

होऊ शकतं. पण त्याचं कारण चौरस फूट हे क्वचितच असतं. अंगणातल्या कुत्र्याकडे एक दिवस नीट बघा. तो दिवसभर धावत नसतो. दिवसातले बारा-चौदा तास तो झोपतो. मधूनमधून उठून कुंपणाच्या कडेने वास घेत फिरतो, फाटकापाशी कोण आलं ते बघतो, ऊन चढलं की कडुनिंबाखालची ओली माती उकरून तिच्यावर पोट टेकतो, आणि लघवी लागली की कुणाला न विचारता जाऊन येतो. वास, पहारा, गारवा आणि मोकळं होणं, ही चार कामं अंगण गुपचूप करत होतं. घर बदललं की ती तुमच्या अंगावर येतात. ज्यांच्या हे आधी लक्षात येतं त्यांचा कुत्रा तीन-चार आठवड्यांत रुळतो.

सगळ्यात जास्त अडतं ते लघवीवर. अंगणातल्या बऱ्याच कुत्र्यांनी गळ्यात पट्टा, हातात दोरी आणि शेजारी माणूस उभा असताना कधी लघवी केलेलीच नसते. नव्या घरी पहिल्या दिवशी तो वीस-वीस तास रोखून धरतो आणि मग हॉलमध्ये मोकळा होतो. घरचे म्हणतात, राग काढतोय. त्याला राग आलेला नसतो, दोरीत असताना हे करायचं असतं हेच त्याला ठाऊक नसतं. म्हणून सामान हलवण्याच्या चार आठवडे आधी, जुन्या अंगणातच शिकवायला घ्या. सकाळी उठल्याबरोबर सहा फुटी दोरी लावून एकाच कोपऱ्यात न्या आणि गप्प उभे राहा. फिरवू नका, बोलू नका, मोबाइलही नको. तो करायला लागला की एकच ठरलेला शब्द हळू आवाजात म्हणा, "शू-शू" चालेल. संपताक्षणी, तिथेच, खाऊचा तुकडा द्या. घरात आल्यावर दिला तर तो घरात आल्याबद्दल मिळाला असं त्याला वाटतं. दहा मिनिटांत केलं नाही तर परत आणा, अर्ध्या तासाने पुन्हा न्या, आणि मधल्या वेळात मोकळं सोडू नका. घरातल्या प्रत्येकाने तोच शब्द वापरायचा.

शिफ्टिंगच्या दिवशी त्या कोपऱ्यातली दोन-तीन किलो माती पिशवीत भरून घ्या आणि नव्या ठिकाणी जिथे त्याला नेणार आहात त्या जागी पसरा. स्वतःचा वास लागला की अडलेला कुत्रा बऱ्याचदा मोकळा होतो. पहिले पंधरा दिवस दिवसातून पाच वेळा न्या, नंतर चार वेळा. मोठ्या कुत्र्याला आठ तासांपेक्षा जास्त थांबायला लावू नका. पूर्ण एक दिवस लघवी झालीच नाही तर वाट न बघता डॉक्टरकडे. घरात झालीच तर फिनाईलने पुसू नका. आपल्या नाकाला ती जागा स्वच्छ वाटते, त्याच्या नाकाला लघवीचा वास तसाच येत राहतो, शिवाय ओल्या फरशीवरून चाललेले पंजे तो चाटतो. कपड्याने टिपून घ्या, साबणपाण्याने धुवा, आणि प्राण्यांच्या दुकानात मिळणारा एन्झाइमचा क्लीनर लावून वाळू द्या.

गारव्याचं काम नागपुरात सगळ्यात जोखमीचं. इथे २३ मे २०१३ ला ४७.९ अंशांची नोंद झाली आहे, आणि नवतपात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, पंचेचाळीसचं कुणाला नवल वाटत नाही. अंगणात त्याच्याकडे सावली आणि ओली माती होती. फ्लॅटमध्ये, विशेषतः गच्चीखालच्या मजल्यावर, दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दोनपर्यंत उष्णता सोडत राहतो. म्हणून जमलं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घर बदला. जमत नसेल तर निदान कूलर आधी बसवून मग कुत्र्याला आणा.

कूलरच्या बाबतीत एक चूक घरोघरी होते. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या लावून घेतात. कूलर हवेत पाणी मिसळून ती थंड करतो. ती ओली हवा बाहेर जायला वाट नसेल तर तासाभरात खोली दमट होते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि तोंडातली ओल उडून गेली की त्याचं अंग निवतं. दमट हवेत ती ओल उडतच नाही. आपल्याला खोली गार वाटते आणि कुत्रा धापा टाकत असतो. कूलरच्या समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार वीतभर उघडं ठेवा. जून सरला, हवाच दमट झाली की कूलरचा उपयोग संपतो. तेव्हा पंखा आणि मोकळी हवा, नाहीतर एसी. सेंट बर्नार्ड, हस्की किंवा चपट्या नाकाचा बॉक्सर असेल तर एसीची सोय असल्याशिवाय वरच्या मजल्यावर उन्हाळा काढायचा विचारही करू नका. आणि अंगावरची दाट लव काढून टाकू नका. दुहेरी लवीच्या, म्हणजे वर राठ आणि आत मऊ केस असलेल्या, कुत्र्याला ती उन्हापासून वाचवते. रोज विंचरून गळालेली लव काढली की पुरे.

लोखंडी बॉडीचा कूलर असेल तर अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्याच. ओल्या नाकाने, ओल्या फरशीवर उभं राहून तो त्या पत्र्याला टेकणार आहे. टाकीतलं पाणी त्याच्या तोंडाला लागणार नाही असं झाकून ठेवा.

पिण्याचं पाणी किलोमागे साधारण ५० ते ६० मिलिलिटर धरा. म्हणजे ३५ किलोच्या कुत्र्याला रोज दोन लिटरच्या आसपास, मे महिन्यात त्याहून बरंच जास्त. दोन ठिकाणी ठेवा, मातीच्या जड कुंड्यात. स्टीलचं भांडं तो सरकवत नेतो आणि पाणीही लवकर तापतं. फिरायला सकाळी साडेसहाच्या आत, रात्री नऊनंतर. निघण्यापूर्वी हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सहन होत नसेल तर त्याच्या पंजांनाही होत नाही.

तरीही ऊन लागलंच तर? कुत्र्याच्या अंगाचं तापमान एरवी ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. ४१ च्या पुढे जिवावर बेततं. जीभ गडद लाल, लाळ घट्ट, चाल डळमळीत दिसली की आधी नळाचं पाणी पोटावर, जांघांत आणि पंजांवर ओता, पंखा लावा, आणि मग गाडीत घाला. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, तो काही मिनिटांत गरम होतो आणि उष्णता आतच कोंडतो. सेमिनरी हिल्सवर नागपूर पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तिथल्या दवाखान्याच्या वेळा आधी विचारून ठेवा. पण नव्या घराजवळ रात्री उघडणारा दवाखाना कुठला, हे शिफ्टिंगच्या आधी शोधा, आजारपणात नव्हे.

फरशीचा विचार फार कमी लोक करतात. जुन्या घरात शहाबादी किंवा माती, नव्या घरात चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स. मोठा कुत्रा त्यावर सटकला की घाबरतो, पाय फाकवून चालायला लागतो, आणि कंबरेचे सांधे आधीच कमजोर असतील तर लंगडतो. अंगात आलेली भीती इतकी राहते की काही कुत्रे पाण्याच्या भांड्यापर्यंत जायचं सोडतात. झोपायची जागा, पाणी आणि दार यांना जोडणारी, दोन फूट रुंदीची वाट अंथरा. खाली रबर असलेले मॅट किंवा जुने योगा मॅट चालतात. नुसती सतरंजी टाकू नका, ती त्याच्यासकट सरकते. मातीवर घासून झिजणारी नखं आता झिजणार नाहीत, म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी कापावी लागतील. चालताना फरशीवर टकटक ऐकू आली म्हणजे ती वाढली आहेत. पंजांच्या गाद्यांमधले केसही कापा.

झोपायची जागा गॅलरीत करू नका. पश्चिमेची असेल तर ती भट्टीच, आणि कशीही असली तरी तिथे तो एकटा पडतो. हॉलचा असा कोपरा निवडा जिथून दार दिसतं, पण जो दाराच्या वाटेत येत नाही. गादी लॅब्राडोरला तीन फूट बाय चार फूट, चार इंचांची, दाबून बघितल्यावर जमिनीला न टेकणारी. जुनं अंथरूण तीन आठवडे धुऊ नका. वास येईल, येऊ द्या. नव्या घरात ओळखीचं तेवढंच आहे. अरुंद पॅसेजमध्ये आनंदाने हलणारी शेपटी भिंतीच्या कोपऱ्यावर आपटून फुटते आणि ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही. त्याला पॅसेजमध्ये भेटू नका, हॉलमध्ये येऊ द्या. "मागे" हा शब्द मात्र जरूर शिकवा. ओट्याजवळ, लिफ्टमध्ये, बाथरूमच्या दारात तो रोज कामी येतो.

लिफ्टची सवय दोन-तीन दिवसांत होते, घाई केली नाही तर. आधी दार उघडं धरून नुसतं आत-बाहेर, मग एक मजला, मग पूर्ण. आत शिरताना कुत्रा आणि दोरी दोन्ही आत आल्याशिवाय दार बंद होऊ देऊ नका. दाराबाहेर अडकलेली दोरी गळफास होते. कुत्रा मागच्या कोपऱ्यात, तुम्ही त्याच्या आणि दाराच्या मध्ये. वीज जाणारच, म्हणून जिनाही शिकवा. उतरताना धावू देऊ नका, म्हातारा असेल तर पाठीवर हँडल असलेला हार्नेस घ्या. कुत्र्याला लिफ्ट बंद, असं कुणी सांगितलं तर भारतीय जीव-जंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचना दाखवा: सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, तिच्यासाठी जादा पैसेही मागता येत नाहीत. पण कागद शेवटी दाखवा. आधी रेबीजच्या लशीचं प्रमाणपत्र सेक्रेटरींना द्या, शेजारच्या काकूंना घाबरायला होत असेल तर त्या उतरेपर्यंत थांबा, आणि शी रोज स्वतः उचला. सोसायट्यांमधली निम्मी भांडणं न उचललेल्या शीवरून सुरू होतात.

पहाऱ्याचं काम बंद होत नाही, ते दारापाशी येतं. फाटकावर दिवसातून दहा माणसं यायची. आता दाराबाहेर लिफ्टचा आवाज दर पाच मिनिटांनी. ओरडल्यावर ओरडू नका, त्याला वाटतं तुम्हीही साथ देताय. बेल वाजली की गादीवर जायचं आणि तिथे खाऊ मिळतो, हे घरातल्याच कुणाकडून बेल वाजवून रोज दहा वेळा करून घ्या. गॅलरीच्या काचेला खालून तीन फूट दुधी फिल्म लावा. एकटं राहायची सवयही मोजून लावावी लागते: अर्धा मिनिट, दोन मिनिटं, दहा, मग अर्धा तास. अंगणात तो एकटा दिसायचा खरा, पण रस्ता, खारी, भाजीवाला, सगळे सोबतीला होते. दाराला ओरखडे, छातीवर ओघळलेली लाळ, तुम्ही नसताना न खाल्लेलं जेवण दिसलं तर वेळ खूप वाढवली आहे. दोन पायऱ्या मागे या.

वासाचं काम सोपं आहे आणि तेच टाळलं जातं. लोक कुत्र्याला दमवायला स्कूटरच्या बाजूने पळवतात. कृपा करून हे करू नका, सांधे जातात आणि उन्हाळ्यात जीवही. सिव्हिल लाइन्सच्या झाडाखालच्या रस्त्यावर अर्धा तास त्याच्या चालीने, त्याला हवं तिथे थांबू देऊन, नाकाने फिरू द्या. घरी जेवणातला मूठभर भाग जुन्या टॉवेलच्या घड्यांत लपवा. नव्या वस्तीतल्या मोकाट कुत्र्यांना हा उपरा वाटतो, तेव्हा पहिला महिना तेच रस्ते, त्याच वेळा, दोरी कायम. दोरी सुटली तर तो जुन्या घराच्या दिशेने निघतो, म्हणून पट्ट्यावर नवा नंबर घाला आणि जुन्या शेजाऱ्यांनाही देऊन ठेवा.

शेवटी तो प्रश्न, जो लोक आवाज खाली घेऊन विचारतात: काटोल रोडला ओळखीच्यांचं शेत आहे, तिथे सोडला तर? नको. माणसांत वाढलेल्या कुत्र्याला एकर दोन एकर जमीन लागत नाही. तिथे तो साखळीला राखण करतो आणि गोचिडांनी भरतो. एकच अडचण मी खरी मानतो. कुत्रा नऊ-दहा वर्षांचा आहे, मागचे पाय थकलेत, आणि फ्लॅट लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर आहे. त्यावर उपाय फ्लॅट ठरण्याआधीच करता येतो. बिल्डरशी भाड्याची रक्कम ठरवता तेव्हाच तळमजल्याचं घर शोधायला लागा, आणि घर बघायला सकाळी नको, दुपारी चारला जा. भिंतीला हात लावून बघा.