धावपट्टी दहा किलोमीटरवर, हाताशी ४१५ मीटर

परतीच्या वाटेवरचं शेवटचं थर्मल, म्हणजे ज्यात गोल फिरत ग्लायडर वर चढतो तो गरम हवेचा झोत, सोडलं तेव्हा विमानतळ १६ किलोमीटरवर होता आणि मी त्याच्या ८०० मीटर वर. माझं बिनइंजिनाचं विमान, ग्लायडर एएसके-२१, एरवी शिकवण्यासाठी वापरतात तो दोन आसनी; मागची सीट रिकामी. कागदावर त्याचं गुणोत्तर १:३४, म्हणजे शांत हवेत ताशी ९० किलोमीटर वेग ठेवला तर एक मीटर उंचीच्या बदल्यात ३४ मीटर अंतर. सर्किटसाठी, म्हणजे उतरण्याआधीच्या फेरीसाठी, ३०० मीटर बाजूला ठेवले तरी ५०० उरत होते. पाचशे गुणिले चौतीस, सतरा किलोमीटर. जमतंय की!

हा हिशेब मी गोल फिरता फिरता तोंडी केला आणि त्यात वारा धरलाच नाही. समोरून ताशी २० किलोमीटरचा वारा होता. हवेतला वेग ९०, जमिनीवरचा ७०; चौतीसचे झाले सव्वीस. आमचे सर तर म्हणायचे, कागदावरचा आकडा आधी निम्मा करायचा, मग घरी जायचं बघायचं. त्यांच्या हिशेबानं माझ्याजवळ जेमतेम साडेआठ किलोमीटर होते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण थर्मल मरतुकडं झालं होतं, सेकंदाला अर्धा मीटर देत होतं, आणि मला कंटाळा आला होता. अजून पाच मिनिटं फिरले असते तर दीडशे मीटर मिळाले असते. तेवढ्यात वाऱ्यानं जवळजवळ पावणेदोन किलोमीटर मागे ढकललं असतं, त्याचे साठ-पासष्ट वजा. तरी ऐंशीएक हातात पडले असते. नंतर कळलं, भांडण सगळं त्या ऐंशी मीटरचंच होतं.

निघाले आणि खाली जाणाऱ्या हवेत सापडले. चढण्या-उतरण्याचा वेग दाखवणाऱ्या व्हेरिओचा काटा उणे सव्वादोनवर, म्हणजे सेकंदाला सव्वादोन मीटर खाली. दोन किलोमीटरमध्ये २३० मीटर गेले.

इथे माझ्या हातानं जे केलं ते सांगायला लाज वाटते. समोर धावपट्टीचं टोक कॅनोपीच्या काचेवर हळूहळू वर सरकत होतं. ते वर सरकतं याचा अर्थ आपण तिथवर पोचत नाही. आणि ते बघून हात स्टिक मागे ओढत होता, आपोआप. नाक वर, म्हणजे लांब जाऊ, असं डोळ्यांना वाटतं. वाऱ्याचा आवाज कमी झाला, कॉकपिटमध्ये छान शांतता पसरली. त्या शांततेनंच दचकले. वेग ७५. ग्लायडर तिरका जातोय का ते दाखवणारा काचेवरचा लोकरीचा धागा एका बाजूला लोंबल्यासारखा. उतरत्या हवेतून आणि समोरच्या वाऱ्यात तर नाक खाली घालून पटकन बाहेर पडायचं असतं. मी नेमकं उलटं करून त्या घाणीत जास्त वेळ काढत होते. स्टिक पुढे ढकलली. आवाज परत आला.

पुढचे चार किलोमीटर हवा बरी होती. पण आता डोळे धावपट्टीवर नव्हते, खाली होते. धावपट्टीबाहेर उतरायची वेळ आली तर ६०० मीटरला परिसर ठरवायचा, ४५० ला शेत, ३०० ला सर्किट सुरू, मग मागे वळून बघायचं नाही. जमीन सपाट, विमानतळाच्याच पातळीची, त्यामुळे अल्टिमीटरवर विश्वास ठेवता येत होता. ४५० ला उजवीकडे कापणी झालेलं एक लांब शेत धरून ठेवलं. शेजारचं हिरवंगार जास्त देखणं होतं, पण उभ्या पिकात पंखाचं टोक अडकलं की ग्लायडर गर्रकन फिरतो. तारा वरून दिसत नाहीत, म्हणून खांब शोधले. एका कडेला रांग होती. उतरायची दिशा मोकळी.

दहा किलोमीटर उरले तेव्हा उंची ४१५. सव्वीसनं भागलं: ३८५ लागणार. म्हणजे पुढे कुठेही हवा बिघडली नाही, तर धावपट्टीच्या टोकावर ३० मीटरनं पोचणार. झाडांच्या शेंड्यांवरून, वळायला जागा न ठेवता. त्या उंचीवर हळू वेगात घाईनं वळण घेतलं आणि पंख स्टॉल होऊन, म्हणजे त्यांची उचल संपून, स्पिन लागला, ग्लायडर गरगरत पडू लागला, तर सावरायला उंचीच नसते. एवढं समजूनही त्या ३० ला मी ‘अधिक’ म्हणूनच बघत होते. ‘पोचतेय ना!’ असं मोठ्यानं म्हणालेसुद्धा. मग उजवीकडे वळले.

सर्किट नेहमीसारखंच. वेगात निम्मा वारा मिळवून १००, कुंपण ओलांडल्यावर एअरब्रेक पूर्ण बाहेर, चाक टेकलं, खुंटांची खरखर पोटाखालून ऐकू आली आणि ऐंशी पावलांत सगळं थांबलं. फोन केला. ट्रेलर यायला दोन तास लागले. तोवर शेताचे मालक येऊन गेले. त्यांचा एकच प्रश्न होता, इंजिन बंद कसं पडलं.

माझ्यामागून दहा मिनिटांनी क्लबचा दुसरा ग्लायडर त्याच रेषेवरून आला. त्याला मधे कुठेतरी चांगलं थर्मल लागलं आणि तो आरामात २५० मीटर राखून धावपट्टीवर पोचला. संध्याकाळी दोघांच्या लॉगरच्या, उड्डाणाची नोंद ठेवणाऱ्या यंत्राच्या, रेषा एकावर एक ठेवून पाहिल्या. त्याचं थर्मल जिथे होतं तिथपर्यंत मी गेले असते, तर माझी उंची २१० मीटर असती, म्हणजे सर्किटच्या ३०० च्याही खाली. दोन दिवस मला त्याचा हेवा वाटत होता.