भेगेच्या तोंडाशी सिमेंट

तेलविहिरीवर सिमेंट आले की ते काहीतरी बुजवायला आले, असे खुशाल समजावे. केसिंग (विहिरीत बसवलेली पोलादी नळी) आणि खडक यांच्यामधली पोकळी भरणे, पाणी सोडणारा थर तोडणे, निकामी विहीर कायमची बंद करणे ही त्याची नेहमीची कामे. आपल्याकडची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणासुद्धा पिण्याच्या पाण्याच्या स्रोताजवळून बेसॉल्टच्या भेगांवाटे निसटणारे पाणी अडवण्यासाठी विंधणांतून सिमेंटच उतरवते. त्यामुळे तेल-वायू काढण्यासाठी खोल खडकात मुद्दाम पाडलेल्या भेगेत तेच सिमेंट भरून भेग उघडी ठेवायची आणि त्याच्या अंगातूनच तेल किंवा वायू वाहू द्यायचा, ही कल्पना पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उफराटी वाटते. तरीही तेलविहिरींची कामे करणाऱ्या हॅलिबर्टनसारख्या कंपनीने पारगम्य, म्हणजे आरपार वाहू देणाऱ्या, सिमेंटवर पेटंट घेतलेले आहे, आणि ही कल्पना अधूनमधून नव्या रूपात परत येते. माझे मत आधीच सांगून टाकतो. सगळी भेग अशा सिमेंटने भरण्याचा हट्ट मला पटत नाही, पण भेगेचे तोंड सांभाळायला ते उपयोगी पडेल असे वाटते.

खोलवरच्या थरात मोठ्या दाबाने द्रव ढकलून खडक फोडण्याचा पहिला प्रयोग 1947 मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात ह्यूगोटन वायुक्षेत्रात झाला. पेट्रोल घट्ट करून ते विहिरीत ढकलले गेले, मात्र उत्पादनात म्हणण्यासारखी वाढ झाली नाही. 1949 च्या मार्चमध्ये हॅलिबर्टनने ओक्लाहोमा आणि टेक्सासमध्ये हे काम व्यावसायिक पातळीवर सुरू केले. भेग पाडणे जमू लागल्यावर तिला उघडी ठेवणे हीच खरी अडचण उरली. समजा थर 3000 मीटर खोल आहे. तिथे भेग मिटवू पाहणारा ताण साधारण 47 मेगापास्कल असू शकतो. उत्पादन चालू असताना विहिरीच्या तळाशी 14 मेगापास्कल दाब ठेवला, तरी उरलेला 33 मेगापास्कलचा भार भेगेत जे काही भरले असेल त्यालाच पेलावा लागतो. म्हणून द्रवाबरोबर वाळू पाठवतात. या टेकूला धंद्यात प्रॉपंट म्हणतात. साधी वाळू 28 ते 41 मेगापास्कलच्या आसपास चुरडू लागते. त्यापलीकडच्या खोलीसाठी राळेचे अस्तर दिलेली वाळू, भाजलेले सिरॅमिक दाणे किंवा बॉक्साइटचे दाणे वापरावे लागतात, आणि त्या क्रमाने खर्चही चढत जातो.

महाराष्ट्रातल्या विंधन विहिरींवर जलभंजन (दाबाने पाणी सोडून खडकातल्या फटी मोकळ्या करणे) करताना टेकू म्हणून काहीच भरत नाहीत, आणि तरीही पाणी वाढते, हे पाहिलेल्या वाचकाला इथे प्रश्न पडेल. उत्तर खोलीत आहे. 60 मीटरवर वरच्या खडकाचा भार दीड मेगापास्कलच्या जवळपास असतो, तर घट्ट बेसॉल्टची दाबसहनशक्ती पुष्कळदा 100 मेगापास्कलच्या वर असते. तिथे मुळात असलेल्या, गाळाने बुजलेल्या फटी धुऊन निघतात, आणि त्यांच्या खडबडीत कडा एकमेकींना टेकून अंतर राखतात. तेलविहिरीच्या खोलीवर या कडांच्या भरवशावर राहता येत नाही.

चुरडणे ही वाळूची एक खोड. दुसरी खोड म्हणजे ती परत येते. विहीर चालू केली की पहिल्या काही दिवसांत वायूबरोबर दाणे वर येतात. अशा विहिरीवरचा चोक, म्हणजे प्रवाह आवरणारा अरुंद छिद्राचा भाग, उघडून पाहिला तर आतल्या गोल छिद्राच्या एका अंगाला बोटाच्या नखात अडकेल इतकी खोल खाच पडलेली दिसते, धातू मात्र आरशासारखा चकाकत असतो. वायू आणि द्रव वेगळे करणाऱ्या सेपरेटरच्या तळाशी बसलेली वाळू फावड्याने काढावी लागते. शिवाय जिथून दाणे निघून गेले, ती जागा बहुतेक वेळा विहिरीला लागूनच असते, आणि तिथे भेग मिटली की मागे शंभर मीटर उत्तम भरलेली भेग असूनही तिचा उपयोग राहत नाही. सिमेंटचा विचार मुख्यतः या दुखण्यातून आला. जे घट्ट बसते ते परत येत नाही.

आता घट्ट बसलेल्या सिमेंटातून वाहणार कसे? नेहमीचे पोर्टलँड सिमेंट नीट जमले की त्याची पारगम्यता नगण्य असते, म्हणूनच तर ते बुजवायला वापरतात. मग त्यात छिद्रे निर्माण करण्याचे मार्ग शोधले गेले. एका मार्गात स्लरीतच, म्हणजे सिमेंट-पाण्याच्या पातळ मिश्रणातच, जेलचे कण मिसळतात. सिमेंट जमल्यानंतर ठरावीक वेळाने जेल आपोआप फुटून पातळ होते आणि त्याच्या जागी पोकळ्या राहतात. दुसऱ्यात चुनखडीची भुकटी घालून नंतर आम्लाने ती विरघळवतात. तिसऱ्यात पॉलिलॅक्टिक आम्लाचे तंतू किंवा कण वापरता येतात. ते विहिरीच्या उष्णतेत पाण्याच्या संपर्काने हळूहळू विघटित होऊन लॅक्टिक आम्लात बदलतात. चौथा मार्ग सर्वांत साधा आणि मला सर्वांत भरवशाचा वाटतो: मुख्य भरणा वाळूचाच ठेवायचा आणि सिमेंटचा फक्त पातळ थर दाण्यांवर चढू द्यायचा, म्हणजे दाणे टेकतात तेवढ्याच जागी चिकटतात. चुरमुऱ्याच्या लाडवासारखाच हा हिशोब आहे. पाक कमी पडला तर लाडू हातात सुटतो, जास्त पडला तर मधल्या जागा भरून त्याचा दगड होतो.

चर्चेत सच्छिद्रतेचा आकडा मोठ्या अभिमानाने पुढे केला जातो, पण त्यावर फार विसंबू नये. फेस केलेल्या सिमेंटात भरपूर बुडबुडे असतात, तरीही तेलक्षेत्रात तेच फेससिमेंट नाजूक थरांसमोर गळती रोखायला वापरतात, कारण बुडबुडे एकमेकांपासून तुटलेले असतात. वाहण्यासाठी छिद्रे जोडलेली हवीत आणि पुरेशी मोठी हवीत. पारगम्यता दाण्याच्या किंवा छिद्राच्या आकाराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. 0.6 मिलिमीटर दाण्यांच्या आणि 36 टक्के सच्छिद्रतेच्या सैल थराची पारगम्यता सूत्राने काढली तर साधारण 230 डार्सी (डार्सी हे पारगम्यतेचे एकक) येते. सच्छिद्रता तीच ठेवून दाणा दहापट बारीक केला, तर तीच 2.3 डार्सी होते. सिमेंटाच्या आत जेल किंवा चुनखडीने सोडलेल्या बारीक छिद्रांचा मार्ग या दुसऱ्या टोकाकडे झुकतो, आणि त्यात जोडण्या अपुऱ्या असल्या तर आणखी खाली घसरतो.

म्हणून एक डार्सीचे सिमेंट निरुपयोगी ठरते असेही नाही. ते कोणत्या खडकात उतरवायचे यावर सगळे अवलंबून आहे. भेगेची वहनक्षमता आणि खडकाची भेगेला रसद पुरवण्याची क्षमता यांचे गुणोत्तर अभियंते पाहतात, आणि ते 1 च्या खाली गेले तर भेग स्वतःच अडथळा बनते. 4 मिलिमीटर रुंद, एका बाजूला 100 मीटर लांब अशी भेग 1 डार्सीच्या सिमेंटने भरली आणि खडक 0.01 मिलिडार्सीचा असला, तर गुणोत्तर 4 येते, जे चालण्यासारखे आहे. खडक 1 मिलिडार्सीचा असेल, तर तेच 0.04 होते. तिथे वाळूची शंभर डार्सी भेगच हवी. याचा अर्थ असा की पारगम्य सिमेंटाला जागा मिळाली तर ती घट्ट खडकांत मिळेल. पण घट्ट खडकांतल्या आडव्या विहिरींत पुरवठ्याचा मुद्दा येतो: एका विहिरीला हजारो टन टेकू लागतो, आणि तिथे वाळूच्या किमतीशी बरोबरी करणे सिमेंटाला जड जाते.

प्रयोगशाळेतून विहिरीत जाताना आणखी एक धोका वाटेत उभा असतो. स्लरी भेगेत जात असताना तिच्यातले पाणी भिंतीच्या खडकात झिरपते आणि मागे कोरडा लगदा राहतो. हा लगदा भेगेच्या अरुंद भागात अडकला तर पुढची स्लरी थांबते आणि पंपाचा दाब सरळ वर चढतो. वाळू अडकली तर ती धुऊन काढता येते, अर्धवट जमलेले सिमेंट धुता येत नाही. त्यात भर म्हणजे सिमेंटातल्या पाण्याचा पीएच साडेबाराच्या वर असतो. थरात फुगणाऱ्या किंवा सुटणाऱ्या चिकणमातीची खनिजे असतील, तर त्याचा त्रास वेगळाच. चुनखडी विरघळवायला सोडलेले आम्ल पोर्टलँड सिमेंटलाही खाते, त्यामुळे ते मोजून आणि सौम्य सोडावे लागते. अशा सिमेंटाला ताकद आणि पारगम्यता दोन्ही एकाच वेळी हवीत, आणि एकीला वाढवले की दुसरी उतरते.

शेजारच्या एका प्रयोगाकडे पाहिले की सगळी भेग भरण्याची गरजच आहे का, हा प्रश्न पडतो. 1 मिलिमीटर रुंदीची मोकळी भेग घेतली, तर तिची पारगम्यता सुमारे 84,000 डार्सी निघते, वाळूच्या शेकडो पट. याच जाणिवेतून शलम्बर्जे या तेलक्षेत्रातल्या दुसऱ्या कंपनीने 2010 च्या सुमारास टेकूचे ठरावीक अंतरावर खांब उभे करण्याची पद्धत आणली, ज्यात खांबांच्या मधली जागा मोकळी राहते. ती अर्जेंटिनातल्या लोमा ला लाता क्षेत्रात वापरली गेली. इथे खांबाला पारगम्यतेची गरज नाही, त्याला फक्त ताकद लागते. सिमेंटचा गुण अशा ठिकाणी अधिक स्वच्छपणे वापरता येईल, असे मला वाटते, आणि सच्छिद्र सिमेंटाच्या चर्चेत हा मुद्दा जेवढा यायला हवा तेवढा येत नाही.

माझा स्वतःचा कल मात्र मिश्र मांडणीकडे आहे: भेगेच्या आत नेहमीची वाळू, आणि शेवटच्या हप्त्यात, विहिरीला लागून, दाण्यांवर पातळ सिमेंट चढवलेला भरणा. तो थोडा कमी पारगम्य असला तरी दाणे परत येणे थांबते, आणि चुकला तरी नुकसान तोंडापुरते राहते, ते ड्रिलिंगने मोकळे करता येते. मात्र त्याची परीक्षा प्रचलित पद्धतीने करून भागणार नाही. टेकूची वहनक्षमता मोजायची प्रमाणित चाचणी ओहायो सँडस्टोनच्या दोन फळ्यांमध्ये नमुना दाबून, 50 तास ताणाखाली ठेवून, त्यातून मिठाचे पाणी सोडून केली जाते. दाण्यांसाठी तेवढा अवधी ठीक आहे. सिमेंट मात्र उष्ण खारट पाण्यात महिनोन्‌महिने बदलत राहते, 110 अंश सेल्सिअसच्या पुढे तर त्यात सिलिका मिसळल्याशिवाय ताकद टिकत नाही. त्यामुळे अशा भरण्याचा नमुना विहिरीच्याच तापमानाला किमान सहा महिने ठेवून, दर महिन्याला त्याच फळ्यांवर पारगम्यता आणि ताकद दोन्ही मोजली जावी, एवढीच मागणी मी विकणाऱ्यांकडे करेन.