पंप ऑन

चवथीच्या आदल्या रात्री दहाला फोन आला. घरी गणपतीवर टांगायची फळा-पानांची माटोळी बांधायचं काम चाललं होतं. हातातला सुपारीचा घोस ओसरीवर ठेवला नि तशीच निघाले. मी परफ्युजनिस्ट, हृदयाच्या ऑपरेशनात हार्ट-लंग मशीन चालवते.

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली, वयानं चाळिशीची बाई. आठ दिवसांपूर्वी गर्भपिशवी काढलेली. संध्याकाळी बाथरूमला जायला उठली आणि दारातच कोसळली. फुप्फुसांकडे जाणारी धमनी जिथं दुभागते, तिथंच गुठळी आडवी बसलेली सीटीत दिसली. ब्लड प्रेशर 70च्या वर जाईना. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यावं, तर पोटातली जखम ताजी. राहिलं ऑपरेशन.

"चार दिवस पोटरी दुखत होती," सही करता करता नवरा म्हणाला. "झोपून आखडली असेल म्हणून बोललीच नाही." मग कोकणीत, "ताई, ती बरी जातली मगो?" बरी होईल ना?

ऑपरेशननंतर एकाच पायाची पोटरी सुजली-दुखली तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. हे मी आता भेटेल त्याला सांगते.

अशा रुग्णाला भूल देणं हीच मोठी जोखीम. हृदयाचा ताणलेला उजवा कप्पा त्या क्षणी हार मानू शकतो. म्हणून ती जागी असतानाच छातीला औषध लावून हिरव्या चादरी घातल्या, सर्जन हात धुऊन तयार उभे. मी नळ्यांवर टिचक्या मारून शेवटचा बुडबुडा काढला. भूल चढली आणि प्रेशर 40वर आलं. छाती उघडली, रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन दिलं, नळ्या घातल्या. "पंप ऑन!" रक्त माझ्याकडे येऊ लागलं तसा तो फुगलेला कप्पा डोळ्यांदेखत सैलावला.

1924मध्ये जर्मनीत किर्शनर यांनी हे ऑपरेशन पहिल्यांदा यशस्वी केलं, तेव्हा असं मशीनच नव्हतं. त्यांच्या हाती मिनिटंच होती.

सरांनी धमनी उघडून गुठळी चिमट्यात धरली. तुटू नये म्हणून अगदी सावकाश ओढली. ट्रेमध्ये ठेवल्यावर मी वाकून पाहिली: काळपट लाल, करंगळीएवढी जाड, वीतभर लांब, आणि अंगावर शिरेतल्या झडपांचे ठसे. पायातल्या शिरेचा साचाच फुप्फुसांच्या तोंडाशी येऊन बसला होता.

पंप हळूहळू कमी करत बंद केला. प्रेशर 100, तिचं स्वतःचं.

पहाटे बाहेर आले. नवरा बाकावर बसल्या बसल्या झोपला होता, मांडीवर तिच्या चपलांची पिशवी. मी त्याला हलवून उठवलं.