राजीनामा देऊन कुठे? कोपरखैरणेला!

राजीनामा दिला की माणसाने लडाखला जायचं, ते जमलं नाही तर निदान स्पितीला, असा आमच्या ऑफिसात अलिखित नियमच होता. माझ्या शेवटच्या दिवशी केक कापता कापता सगळ्यांनी तेच विचारलं, "मग, आधी कुठे?" मी म्हटलं, "कोपरखैरणे." मोठा हशा पिकला. मी मात्र खरं तेच सांगितलं होतं.

आसाम-मेघालय ठरलेलं आहे, ते होणारच. पण नोटीस पिरियड चालू असताना आईने एक दिवस भाजी निवडत ऐकवलं, "जायचं तिकडे जा, पण आधी आपल्या माणसांना तोंड दाखव. तुझं तोंड फक्त लग्नाच्या रिसेप्शनला दिसतं, तेही पाकीट देऊन तू पळेपर्यंत." उत्तर द्यायला जागाच नव्हती. आमचे निम्मे नातेवाईक ठाण्याच्या खाडीपलीकडे, लोकलने पाऊण तासाच्या आत राहतात. त्यांच्याकडे राहायला शेवटचं कधी गेले होते, ते आठवायचं तर शाळेच्या सुट्ट्यांपर्यंत मागे जावं लागलं असतं. एका सॅकमध्ये कपडे भरले, राममारुती रोडवरून खाऊचे डबे घेतले आणि नौपाड्यातून चालत स्टेशन गाठलं.

नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्म मी फक्त सकाळच्या रेट्यात पाहिलेला. गाडी थांबायच्या आत बायका चढायच्या, खिडकी हे सिनियर मंडळींचं वतन, आणि ऐरोलीला उतरायचं तर आधीच्या स्टेशनपासून दाराकडे सरकायला लागायचं. सकाळी साडेअकराच्या गाडीत अख्खं बाकडं माझं होतं! भारतातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघाली ती ठाण्याला येऊन थांबली, ३४ किलोमीटरवर. तेव्हापासून आम्ही ठाणेकर त्याचा तोरा मिरवतो. पण खाडीपलीकडच्या वाशीला ठाण्याहून थेट लोकल सुरू झाली ती २००४ साली. दीडशे वर्षांत आम्ही एवढीच खाडी ओलांडली.

कळव्याच्या बाजूला पाणी मागे पडलं, दिघा गाव आलं. हे स्टेशन अगदी अलीकडचं, २०२४ चं. डाव्या हाताला पारसिकचा डोंगर, खाणींनी जागोजागी खरवडलेला. पूर्वी या पट्ट्यात केमिकलचे कारखाने होते, आता त्यांतल्या कित्येक जागांवर काचेच्या इमारती उभ्या आहेत. त्यांतल्याच एकीत मी वर्षानुवर्षं बसले. ऐरोली आली, आणि सवयीने माझा हात सॅककडे गेला. समोरच्या मावशी म्हणाल्या, "उतरायचंय का? मग उठा की." मी म्हटलं, "नाही, आज पुढे."

कोपरखैरणेचे काका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ, पाटण तालुक्यातले. सगळा जन्म माथाडीत, म्हणजे बाजारात गोण्या वाहण्यात गेला. आधी मस्जिद बंदरला, गावकीच्या खोलीत वीस-पंचवीस जणांबरोबर पथारी टाकून. ऐंशीच्या दशकात कांदा-बटाट्याचा बाजार वाशीला हलला, त्याच्यामागोमाग काकाही इकडे आले. बैठ्या चाळीतल्या त्या एवढ्याशा घरावर आता दोन मजले चढलेत. खाली काका-काकू, वर मुलगा-सून.

"सुट्टी काढलीस व्हय?" काकांनी दारातच विचारलं.

"सुट्टी नाही काका. नोकरी सोडली."

काकूंचा हात पाण्याच्या तांब्यावरच थांबला. काकांनी चष्मा पुसला आणि कुणीच विचारला नव्हता तो प्रश्न विचारला. "पाच वर्सं भरली व्हती न्हवं? ग्रॅच्युइटी मिळाली का? फंडाचं काय केलंस?"

एचआरवाल्यांनाही इतक्या नेमकेपणाने विचारता आलं नसतं. सगळं सांगितल्यावर त्यांनी मान डोलावली. "मंग जा की बिनघोर. कागद झाला न्हाय तर भ्यायचं." १९६९ चा माथाडी कायदा त्यांना तोंडपाठ आहे. लेव्ही म्हणजे मालकाने मजुरीवर वेगळी भरायची रक्कम, ती माथाडी बोर्डाकडे कशी जमा होते, त्यातून फंड आणि ग्रॅच्युइटी कशी निघते, हे त्यांनी मला वांग्याचं भरीत खाता खाता समजावलं. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटलांचा फोटो देवघराच्या बरोब्बर शेजारी. त्याला हार रोजचा असतो, देवांना मात्र सणासुदीला नवा. काकूंची त्यावर कायम कुरकुर.

रिटायर झाले तरी काका चारला उठतात आणि मार्केटला जातात. काम नसतं, ओळखीच्या गाळ्यावर चहा प्यायला. मीही मागे लागले. फेब्रुवारीतली पहाट, रांगेने लागलेले ट्रक आणि वाऱ्यावर उडणारी कांद्याची टरफलं. पायाखाली, केसांत, चहाच्या कपात, सगळीकडे टरफलं. ट्रकच्या फाळक्यावर उभा राहिलेला माणूस आकडा अडकवून गोणी पुढे ओढायचा. खालचा मान किंचित तिरकी करून पाठ लावायचा, आणि गोणी त्याच्या खांद्याच्या मागच्या बाजूला अशी बसायची की तो ती घेऊन लगेच चालू लागायचा. मध्ये क्षणभरही थांबणं नाही. "खांद्यावर घेतली तर हाड जातं," काका म्हणाले, "पाठीला सांगायचं, ही तुजी." फोडलेल्या एका गोणीतून त्यांनी दोन कांदे उचलून दाखवले. हा मोठा गोळा, ही गोल्टी. आत्ताचा हा लाल कांदा, साठवणीत टिकत नाही. उन्हाळी कांदा आला की तो काकू वर्षाचा भरणार.

परत येताना मी विचारलं, इतक्या वर्षांत कधी वाटलं नाही का, सोडावं सगळं आणि जावं कुठेतरी. काकांना प्रश्नच कळला नाही. "जायचो की. यात्रेला जायचो, भात लावायला जायचो, महिना-महिना. टोळी व्हती न्हवं? माझ्या जागी दुसरा उभा ऱ्हायचा. तो गेला की मी."

हे ऐकून मी गप्पच झाले. मला तीन दिवसांची रजा हवी असेल तर आधी महिनाभर मेल लिहायला लागायचे, आणि लॅपटॉप बरोबर न्यावा लागायचा तो वेगळाच. माझ्या जागी उभी राहणारी टोळी आमच्याकडे नव्हती. पन्नास-पन्नास किलोच्या गोण्या वाहणारा हा माणूस दरवर्षी महिनाभर गावाला जाऊ शकायचा, आणि एसीत बसणाऱ्या मला राजीनामा द्यावा लागला. काकांचं आयुष्य सुखाचं होतं असं मुळीच म्हणायचं नाही, त्यांची कंबर बघितली तर कुणी म्हणणारही नाही. पण हा हिशेब डोक्यातून जाता जाईना.

तिथून उलटी एक फेरी ऐरोलीला, कारण ऑफिसातल्या मैत्रिणीने माझ्यासाठी हाफ डे टाकला होता. इतकी वर्षं आम्ही दोघी कॅन्टीनच्या खिडकीतून खाडीकडे बघत डबा खाल्ला, पण जवळच्याच सागरी जैवविविधता केंद्रातून फ्लेमिंगो बघायला बोट सुटते, तिकडे पाय वळले नव्हते. बोटीची वेळ भरती-ओहोटी बघून ठरते, म्हणून रोज वेगळी. आमच्या मीटिंगा मात्र रोज एकाच वेळी. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीतही आला. वाचलेलं असतं सगळं. पण खारफुटीच्या कडेने बोट वळल्यावर चिखलावर ती गुलाबी रांग दिसते, चोची उलट्या करून पाणी गाळणारी, आणि इंजिनचा आवाज कमी केल्यावर त्यांची बदकांसारखी कचकच ऐकू येते, तेव्हा फोन खिशात ठेवावासा वाटतो. मैत्रिणीचा फोन तेवढ्यात वाजलाच. तिने उचलला, आणि हजारो पक्ष्यांकडे पाठ करून कुणाला तरी एक्सेल शीटचा कॉलम समजावत राहिली. तिला काय बोलणार? मीही तेच केलं असतं.

बेलापूरच्या आत्याकडचा मुक्काम धावताच झाला, कारण आत्याला माझा राजीनामा मुळीच पचला नाही. ती आर्टिस्ट व्हिलेजमध्ये राहते. चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात आखलेली ही वसाहत. छोट्या अंगणांभोवती घरं, शेजाऱ्याशी भिंत सामायिक नाही, म्हणजे ज्याला जसं परवडेल तसं त्याने वाढवावं. लोकांनी इतकं वाढवलंय की मूळचं उतरत्या छपराचं घर आता शोधावं लागतं. आत्याचं शोधावं लागत नाही. "आमचं तेवढं राहिलंय," ती अभिमानाने म्हणाली आणि त्याच दमात, "तुझ्या वयात आमच्या ह्यांनी घराचे हप्ते फेडत आणले होते." रात्री तिने माझ्यासाठी तीन जाहिराती कापून ठेवल्या. एक बँकेची होती.

दिवाळे गाव तिथून रिक्षाने अगदी जवळ. कॉलेजातली मैत्रीण इथली. एका बाजूला सेक्टरांचे सरळ रस्ते, आणि एक वळण घेतलं की वाळत घातलेल्या जवळ्याचा वास, जाळ्यांचे ढीग आणि दारात बसून कोळंबी सोलणाऱ्या बायका. तिची आजी ओट्यावरच होती.

"काय गो, नोकरी सोरलीस? मंग खातीस काय?"

"आज तुमच्याकडे," मी म्हटलं. आजी खूश.

त्या दिवशी निवट्या, म्हणजे खाडीच्या चिखलातले छोटे मासे, आल्या होत्या. मैत्रिणीच्या आईने त्या टोपात ओतल्या तेव्हा जिवंत होत्या, डोळे डोक्यावर आणि उड्या थेट न्हाणीच्या उंबऱ्यापर्यंत. आम्ही दोघी मोठ्या बायका त्या पकडायला घरभर. मग मूठभर मीठ टाकून चोळ चोळ चोळायच्या, बुळबुळीतपणा जाईपर्यंत. माझ्या हातून दर वेळी एक तरी निसटायची. चिंच, आगरी मसाला, वर भरपूर लसूण, आणि तांदळाची भाकरी. त्या कालवणाविषयी मी इथे जास्त लिहीत नाही, वाचणाऱ्यांत शाकाहारी असतील.

जेवणानंतर तिचे बाबा बोलायला लागले. १९७० साली सिडको, म्हणजे हे शहर वसवणारं सरकारी महामंडळ, आली आणि नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या, त्यात त्यांच्या वडिलांची भातशेतीही. जानेवारी १९८४ मध्ये शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासईला आंदोलन झालं, गोळीबार झाला, पाच जण गेले. त्यानंतर साडेबारा टक्क्यांची योजना आली आणि मूळ जमिनीच्या बदल्यात थोडा विकसित भूखंड मिळाला. "तुमी नोकरी सोरता तवा तुमी सोरता," ते म्हणाले, "आमची शेती आमी सोरली नव्हती." त्यांच्या आवाजात राग नव्हता, माहिती दिल्यासारखं सांगितलं आणि बडीशेपेची वाटी पुढे केली. त्याच वाटीवरून विषय मुलीच्या लग्नाकडे गेला आणि मैत्रीण उठून आत गेली.

खारघरच्या मामेभावाने मेट्रोत बसवून पेंधरपर्यंत नेऊन आणलं, कारण त्याच्या मते नवी मुंबईत पाहुण्याला दाखवण्यासारखी गोष्ट म्हणजे मेट्रो. अकरा स्टेशनं, गाडी रिकामी, एसी कडक. त्याची लेक सगळा वेळ काचेला नाक लावून डोंगर मोजत होती. बेलापूरला परत आलो तेव्हा "अजून एकदा" म्हणून तिने भोकाड पसरलं, आणि आम्ही अजून एकदा गेलोसुद्धा. घाई कुणाला होती?

घरी आले तेव्हा सॅक जाताना होती त्याच्या दुप्पट. काकूंचा कांदा-लसूण मसाला, दिवाळ्याचा सुका जवळा, आत्याची जाहिरातींची कात्रणं. आईने जवळ्याची पिशवी गॅलरीत टांगली, कात्रणं मात्र जपून फ्रिजवर ठेवली. गुवाहाटीचं तिकीट अजून वेटिंगवर आहे. आणि कळव्याच्या मावशीचा काल फोन आला होता. सगळ्यांकडे गेलीस, आमचं स्टेशन तर पहिलंच लागतं, असं म्हणाली. उद्या तिकडे. राहायलाच.